गच्चीतली भाजी आणि फळझाडं (पुणे): जून ते मार्चच्या नोंदी

खुरपं | ८ जून

हंगामाच्या नोंदी एका जागी राहाव्यात म्हणून हा धागा. तीन मजली इमारतीची गच्ची आहे. पूर्व आणि दक्षिण मोकळी, पश्चिमेला जिन्याची खोली, त्यामुळे दुपारी साडेतीननंतर अर्ध्या गच्चीवर सावली येते.

फळझाडं २०० लिटरचे ड्रम मधोमध कापून केलेल्या अर्ध्या ड्रमांत आहेत: कागदी लिंबू २, पूना अंजीर १, भगवा डाळिंब १, सरदार पेरू १, पपई १. भाजीला रंगाच्या २० लिटरच्या २२ बादल्या. पालेभाजीला भाजीवाल्यांकडचे प्लास्टिकचे ८ क्रेट, आतून जुनी शेडनेट लावून.

भरण, १०० लिटरला: लाल माती ४०, भिजवून फुगलेलं कोकोपीट (नारळाच्या शेंड्यांचा भुसा) २५, पूर्ण कुजलेलं शेणखत २५, भाताचं तूस १०, वर निंबोळी पेंड अर्धा किलो. हे मिसळून, ओलसर ठेवून १५ दिवस झाकलं होतं. पेंड ताजी असताना रोप लावलं तर मुळं भाजतात, म्हणून ही सवड.

टोमॅटो (अर्का रक्षक), वांगी (मांजरी गोटा) आणि मिरची २० मेला ट्रेमध्ये टाकली. टोमॅटो-वांगी २५ ते ३० दिवसांनी हलवणार, मिरची ३५ ते ४० दिवसांनी. वेलभाज्या थेट बादलीत: दुधी सम्राट, कारलं हिरकणी, दोडका. भेंडी परभणी क्रांती. कारल्याचं बी चिवट असतं. टोकाकडून नेलकटरने किंचित कापून २४ तास भिजवलं तर आठवड्यात उगवतं, नाहीतर १५ दिवस वाट बघायला लावतं.

---

आंबटचुका | ८ जून

सहा ड्रम म्हणजे वजन किती होतं? आमच्या सोसायटीत याच मुद्द्यावर बाग अडली आहे.

---

ओळंबा | ९ जून

हिशेब सोपा आहे. वावरायच्या गच्चीसाठी भारतीय मानकात चौरस मीटरला साधारण १५० किलो चल भार धरतात. त्यात माणसं, टेबलखुर्च्या, कुंड्या सगळं आलं.

अर्धा ड्रम सुमारे ५७ सेंमी व्यासाचा, ४४ सेंमी उंच, वरची जागा सोडून ९० ते ९५ लिटर भरण. वर दिलेलं मिश्रण पूर्ण ओलं झालं की लिटरला १.१ ते १.२ किलो भरतं, म्हणजे ड्रम ११० किलोच्या आसपास. नुसती माती भरली तर तोच ड्रम १६० च्या पुढे जातो. ड्रमचा तळ पाव चौरस मीटरचा, म्हणजे भार तेवढ्याच जागी एकवटतो. म्हणून ड्रम स्लॅबच्या मध्यावर कधीच नाही, खाली तुळई किंवा भिंत असेल तिथेच, आणि दोन ड्रमांच्या मध्यांत किमान सव्वा मीटर अंतर. तुळया कुठून जातात ते खालच्या मजल्याच्या छताकडे पाहिलं की कळतं.

इमारत ३० वर्षांच्या वरची असेल किंवा छताला गळती, सुटलेलं प्लास्टर, उघडी पडलेली सळई असेल, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर, मग माती. शिवाय ड्रम थेट कोब्यावर ठेवू नका. चार विटांवर ठेवा. खालून हवा खेळली की ओल धरत नाही, आणि गळतीचं खापर बागेवर फुटत नाही.

---

पडवळ | ९ जून

तळाशी विटांचे तुकडे किंवा खडी किती घालायची?

---

खुरपं | ९ जून

घालायचीच नाही. खडीने निचरा वाढतो हा पक्का बसलेला गैरसमज आहे. बारीक भरणातलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही. खडीच्या बरोबर वर ओला थर साचून राहतो, म्हणजे चार इंच खडी घातली की मुळांची चार इंच जागा गेली आणि चिखल तेवढा वर सरकला. भोकं महत्त्वाची. बादलीला तळाशी ६ आणि बाजूला, तळापासून दोन सेंमीवर ४, दहा मिमीची. विटा गच्च टेकल्या तरी बाजूची भोकं चालू राहतात. भोकांवर नारळाची शेंडी किंवा जाळीचा तुकडा टाका, माती वाहून जाणार नाही.

कोकोपीटबद्दल एक राहिलंच. पाच किलोच्या विटेचं फुगून ६० ते ७० लिटर होतं. पहिलं पाणी चहासारखं निघतं, ते टाकून द्या, आणखी दोनदा धुवा. न धुतलेल्या विटेत क्षार असतात, रोपाच्या पानांच्या कडा करपतात आणि माणूस बुरशीनाशक शोधत बसतो.

---

वऱ्हाडी ठेचा | १० जून

निळ्या ड्रमांना बाहेरून पांढरा चुना किंवा रंग मारा. विदर्भात मे महिन्यात गडद ड्रमच्या दक्षिण बाजूची माती हात लावून बघा, त्या बाजूची मुळं शिजलेली असतात. पुण्यातही एप्रिलमध्ये फरक पडेल.

---

खुरपं | २ जुलै

टोमॅटो-वांगी बादल्यांत गेली. टोमॅटो लावताना खालची पानं काढून खोड दोन-तीन इंच पुरलं, त्याला खोडावर मुळं फुटतात. वांगी आणि मिरची मात्र ट्रेमध्ये होती तेवढ्याच खोलीवर. पावसाची झड लागली आहे, मिरचीची चार रोपं ट्रेमध्येच जमिनीलगत बारीक होऊन आडवी पडली.

---

कोकणमेवा | २ जुलै

हे रोप कोलमडणं. उरलेली वाचवायची तर ट्रे पावसातून काढा, वरून पाणी बंद, ट्रे पाच मिनिटं पाण्याच्या थाळीत ठेवून खालून ओल द्या. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) १० ग्रॅम लिटरभर पाण्यात कालवून प्रत्येक खाचेत चमचाभर. त्याच आठवड्यात तांब्याचं बुरशीनाशक ओतलंत तर ट्रायकोडर्माही मरेल, दोन्हीपैकी एकच.

आमच्याकडे रत्नागिरीला पावसात टोमॅटो-मिरचीच्या वाटेला जायचंच नाही. जांभ्याची आम्लधर्मी माती, तीन हजार मिमीच्या वर पाऊस, त्यात जिवाणूजन्य मर ठरलेली. झाड हिरवंगार असताना दुपारी मान टाकतं, संध्याकाळी उठतं, तिसऱ्या दिवशी उठत नाही. खात्री करायची असेल तर खोडाचा चार इंचाचा तुकडा कापून काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात लटकवा. दोन-पाच मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधाच्या धारेसारखा पांढुरका धागा खाली उतरला की जिवाणू. धागा आला नाही तर बुरशी किंवा नुसतं जास्त पाणी. जिवाणू निघाला तर झाड मातीसकट बाहेर, त्या बादलीत वर्षभर टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा काही नाही. औषध नाही यावर. विकणारे भेटतील.

पावसात काकडी, पडवळ, भेंडी, दोडका, अळू. मिरची-टोमॅटो दसऱ्यानंतर.

---

खुरपं | २६ जुलै

दुधी मांडवावर. १० फुटांचा वेल, नर फुलं रोज आठ-दहा, मादी फुलं येतात ती बोटाएवढी होऊन पिवळी पडून गळतात. दोडक्याचं तसंच. कारलं मात्र व्यवस्थित धरतंय.

---

आंबटचुका | २६ जुलै

बोरॉन कमी असेल. फवारा मारून बघा.

---

पडवळ | २७ जुलै

बोरॉन नंतर. आधी घड्याळ बघा. कारलं, काकडी, भोपळा पहाटे-सकाळी फुलतात, तेव्हा मधमाश्या हजर असतात. दुधी आणि दोडका संध्याकाळी पाचनंतर उमलतात. त्या वेळेला फिरणारे पतंग तिसऱ्या मजल्यावर, त्यातून पावसात, येतीलच असं नाही. कारलं धरतंय आणि या दोघांचं गळतंय, म्हणजे परागीभवनच होत नाहीये.

साडेसहा-सातला वर जा. नर फूल लांब बारीक देठावर असतं, मादी फुलाच्या मागे लव असलेला इवलासा दुधी. त्याच संध्याकाळी उमललेलं नर फूल तोडा, पाकळ्या मागे सोलून काढा, मधला पिवळा दांडा उघडा पडेल. बोट लावून पाहा, पिवळी पूड लागली तर ताजा आहे. मादी फुलाच्या मधोमध तीन जाडसर पाळ्या दिसतात, तिन्हींवर तो दांडा हलकेच फिरवा. एकाच पाळीवर लागला तर फळ एका बाजूला खुरटतं. एका नर फुलात दोन मादी फुलं होतात. देठाला रंगीत दोरा बांधा, म्हणजे कुठलं केलं ते कळेल. जमलं असेल तर तीन दिवसांत देठ जाड होतो आणि फळ खाली झुकतं.

आणि दोरा बांधतानाच पिशवी चढवा. फळमाशी कोवळ्या फळालाच टोचते. टोचलेल्या जागी डिंकाचा थेंब दिसतो, फळ तिथून वाकडं होतं, आत अळ्या. जुन्या ओढणीची किंवा जाळीची फूटभर लांब पिशवी पुरते. कामगंध सापळा (वासाने माशी ओढणारा) लावायचा तर वेलभाज्यांसाठी क्यू ल्यूरचा. पेरू-आंब्याचा मिथाईल युजेनॉलचा सापळा दुधीजवळ टांगून उपयोग नाही, ती माशी वेगळी. सापळ्यात नरच अडकतात, त्यामुळे एकट्या सापळ्यावर विसंबू नका.

---

आंबटचुका | २७ जुलै

थ्री-जी कटिंग केलं तर मादी फुलं वाढतात ना? सगळे व्हिडिओ तेच सांगतात.

---

पडवळ | २७ जुलै

वाढतात. मुख्य वेल ७-८ पानांवर खुडला की बगलफुटी येतात, त्या पुन्हा खुडल्या की तिसऱ्या फांद्यांवर मादी फुलं जास्त. पण २० लिटरच्या बादलीतलं मूळ एका वेळी दोन, फार तर तीन दुधी पोसतं. मादी फुलं वीस आली तरी गळणारच. १०० लिटरचा ड्रम किंवा जमीन असेल तर खुशाल करा. बादलीत एकदाच शेंडा खुडणं पुरे. सुरुवातीचे १०-१५ दिवस नुसती नर फुलं येतात तेही नैसर्गिकच, घाबरून खतं ओतू नका. नत्र वाढलं की वेल अजूनच नर फुलं देतो.

---

खुरपं | ९ ऑगस्ट

सातपैकी पाच दुधी धरले. पहिला १३ दिवसांनी काढला. नख सहज रुततं तोवरच काढावा, देठ दोन इंच ठेवून.

नवी कटकट. वांग्याचे शेंडे माना टाकतायत, खोड ठीक आहे.

---

कोकणमेवा | ९ ऑगस्ट

शेंडा आणि फळ पोखरणारी अळी. वाकलेल्या जागेच्या इंचभर खाली कापा, उभा चिरून बघा, आत गुलाबीसर अळी सापडेल. सापडली नाही तर आणखी खाली कापा, नुसता शेंडा तोडून अळी झाडातच ठेवली तर काय फायदा? कापलेलं साबणाच्या पाण्यात बुडवा, कंपोस्टात नको. दर तीन दिवसांनी नेमाने हेच करा. फळाला बारीक भोक दिसलं तर तेही काढा. निंबोळी अर्क अंडी घालायला आलेल्या पतंगाला परतवतो, आत शिरलेल्या अळीला त्याचा पत्ताही लागत नाही.

अर्क: ५० ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्या भरड कुटून रात्रभर लिटरभर पाण्यात, सकाळी फडक्याने गाळून ग्रॅमभर साध्या साबणाचा चुरा. संध्याकाळी फवारा, पानांच्या खालून. उन्हात कडुनिंबाचा अंश टिकत नाही, आणि केलेला अर्क दुसऱ्या दिवशीसाठी ठेवू नका.

---

खुरपं | ३ सप्टेंबर

टोमॅटोला फळं लागली, पण पहिल्या घोसातल्या चारांपैकी तिघांच्या बुडाला काळा चपटा डाग, चामड्यासारखा. अंड्याची टरफलं कुटून घालायला सुरुवात केली आहे.

---

ओळंबा | ३ सप्टेंबर

टरफलं कंपोस्टात टाका, इथे नको. डाग कॅल्शियम कमी पडल्याचा हे खरं, पण मातीत कमी आहे असं नाही. पुण्यातली माती चुनखडीची, बोअरचं पाणी जड, कुंडीच्या कडेला पांढरी पपडी धरतेच. कॅल्शियम पाण्याबरोबर मुळातून वर जातं आणि आधी पानांकडे धावतं. दोन दिवस बादली सुकली, मग भरपूर पाणी दिलं, की मधल्या खंडात वाढणाऱ्या फळाच्या टोकाला ते पोचत नाही. सप्टेंबरात पाऊस उघडीप देतो, पाणी घालायची सवय मोडलेली असते, हा डाग नेमका तेव्हाच येतो. टरफलांतला चुना विरघळायला वर्ष लागेल, तोही आम्ल मातीत.

डागाळलेली फळं काढून टाका. बादलीवर दोन इंच वाळल्या पाल्याचं आच्छादन करा आणि पाणी रोज ठरल्या वेळी. फार घाई असेल तर कॅल्शियम नायट्रेट लिटरला ३ ग्रॅम, आठवड्याने दोनदा, फळांवर पडेल असं. पुढचा घोस आपोआप स्वच्छ येईल आणि श्रेय टरफलांना मिळेल.

---

खुरपं | ४ सप्टेंबर

मान्य. मग पाण्याचंच लावून टाकतो. टाकी गच्चीवरच आहे, ड्रिपचं किट आणलं तर थेट जोडता येईल?

---

ओळंबा | ४ सप्टेंबर

इथेच बहुतेकांचे पैसे जातात. पाण्याची दहा मीटर उंची म्हणजे एक बार दाब. टाकीचा तळ गच्चीपासून दीड मीटर असेल, तर तुमच्याकडे ०.१५ बार आहेत, टाकी भरली असताना ०.२५. किटमधले दाब सांभाळणारे ड्रिपर अर्ध्या बारच्या खाली नीट उघडत नाहीत. दुकानदार सांगत नाही, कारण तो शेतातल्या पंपाचा विचार करतो. बरेचसे टायमरही पडद्याच्या व्हॉल्व्हचे असतात, तेही कमी दाबावर अडकतात. टायमर बॉल व्हॉल्व्हचा, शून्य दाबावर चालणारा मागा.

टाकीतून १६ मिमीची नळी, सुरुवातीलाच जाळीचा फिल्टर, तिच्यापासून प्रत्येक बादलीला ४ मिमीची बारीक नळी आणि टोकाला फिरवून कमीजास्त होणारा साधा ड्रिपर. मुख्य नळी दोन्ही टोकांनी जोडून वेटोळं करा, म्हणजे शेवटच्या बादलीलाही दाब तेवढाच मिळतो. मग पाणी सोडून प्रत्येक ड्रिपरखाली दहा मिनिटं पेला ठेवून मोजा. बादलीला हिवाळ्यात पाऊण ते एक लिटर, एप्रिल-मेमध्ये दीड ते दोन लिटर, उन्हाळ्यात दोन हप्त्यांत. ड्रमला याच्या तिप्पट-चौपट. फिल्टर दर १५ दिवसांनी धुवा. टाकीवर झाकण नसेल तर शेवाळ दोन महिन्यांत सगळं बुजवतं.

---

खुरपं | १८ ऑक्टोबर

ड्रिप चालू आहे. टोमॅटोचा दुसरा-तिसरा घोस डागाविना. पालेभाजी टाकली. धणे हाताने रगडून दोन फाका केले, १२ तास भिजवले, एक सेंमी खोल, दहाव्या दिवशी वर. मेथी चौथ्या दिवशी. मेथीच्या क्रेटला सहा इंच भरण पुरतं.

मिरचीची पानं वळली आहेत. बोकड्या म्हणून उपटायची का?

---

वऱ्हाडी ठेचा | १८ ऑक्टोबर

थांबा, पान कुठे वळलंय ते सांगा. कडा वर वळून पान नावेसारखं झालं असेल तर फुलकिडे. पांढऱ्या कागदावर शेंडा झटका, सळसळणारे पिवळसर कण दिसतील. कडा खाली वळून पान लांबट, ताठर, खालून तांबूस असेल तर कोळी. आणि पानं बारीक, सुरकुतलेली, कांड्या आखूड, झाड खुजं राहिलं असेल तर विषाणू. तोच खरा बोकड्या, ते उपटाच, कारण पांढरी माशी तो पसरवते.

फुलकिड्यांना निळे चिकट सापळे आणि कडुनिंबाचं तेल ३ मिली + द्रव साबण १ मिली प्रति लिटर, ५ दिवसांनी पुन्हा. कोळ्याला पाण्यात मिसळणारं गंधक ८० टक्के, लिटरला २ ग्रॅम. गंधक आणि तेल यांच्यात तीन आठवडे अंतर ठेवा, आणि पारा ३२ च्या वर असताना गंधक नको, पानं जळतात. ज्याला त्याला कडुनिंब मारायचं आणि जमलं नाही की दुसऱ्या दिवशी गंधक, असं करणाऱ्यांची मिरची रोगाने नाही, उपचाराने जाते.

---

खुरपं | १९ ऑक्टोबर

वर वळलेली आहेत आणि कागदावर कण पडले. फुलकिडे.

आता फळझाडं. लिंबाची नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या. अंजिराच्या पानांमागे तांबूस पूड आणि पानगळ. पेरूला सप्टेंबरात नऊ फळं, पिशव्या लावल्या होत्या, सात नीट निघाली.

---

कोकणमेवा | २० ऑक्टोबर

लिंबाचं लोह. नवीन पान पिवळं, शिरा हिरव्या म्हणजे लोह. जुनं पान शिरांमधून पिवळं म्हणजे मॅग्नेशियम. जुनं पान सगळंच पिवळं म्हणजे नत्र. एप्सम सॉल्ट मधल्यावरच चालतं, ते सर्रास सगळ्यावर टाकलं जातं. जड पाण्याने मातीचा सामू (पीएच) वाढला की लोह असून झाडाला मिळत नाही. चिलेटेड लोह अर्धा ग्रॅम लिटरला पानांवर, दहा दिवसांनी दोनदा. मातीत घालायचं असेल तर पाकिटावर ईडीडीएचए लिहिलेलं घ्या, ईडीटीए चुनखडीच्या मातीत टिकत नाही. पण त्याआधी ड्रमची भोकं तपासा. तळ तुंबलेला असला तरी पानं अशीच दिसतात.

अंजिराचा तांबेरा. गळलेली पानं एकूण एक उचला. बोर्डो मिश्रण एक टक्का: १० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) अर्ध्या लिटरात, १० ग्रॅम कळीचा चुना विरवून दुसऱ्या अर्ध्या लिटरात, दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यांत. मोरचूदाचं पाणी चुन्यात ओता, उलट नाही, ढवळत. मग लोखंडी सुरीचं पातं मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस थर आला तर मोकळं तांबं शिल्लक आहे, पानं जळतील, चुना थोडा वाढवा. पातं स्वच्छ राहिलं की गाळून त्याच दिवशी फवारा. रंग आकाशी हवा.

---

आंबटचुका | २० ऑक्टोबर

अंजिराला परागीभवनासाठी ती खास गांधीलमाशी लागते म्हणतात, मग गच्चीत फळ कसं?

---

कोकणमेवा | २० ऑक्टोबर

पूना अंजिराला लागत नाही, परागीभवनाशिवायच धरतं. तुर्कस्तानच्या स्मिर्ना प्रकाराला लागते. पुरंदर भागात हेच पूना अंजीर आहे. आता छाटणी करा, फांदीचा तिसरा हिस्सा. अंजीर नव्या फुटीवर येतं. पावसाळ्यात येणारा खट्टा बहार गच्चीत सोडून द्या, मिठा बहार धरा, फळ उन्हाळ्याच्या तोंडाशी येतं आणि गोड असतं.

सीताफळ लावायचं असेल तर एक सांगून ठेवते, त्याचं फूल आधी मादी असतं, नंतर नर. संध्याकाळी पूर्ण उघडलेल्या फुलांतले पराग काडेपेटीत जमवून सकाळी अर्धवट उघडलेल्या फुलात मऊ ब्रशने लावावे लागतात.

---

पडवळ | २१ ऑक्टोबर

लिंबाला ताण, म्हणजे फुलोऱ्यासाठी पाणी तोडणं, कधी देणार?

---

खुरपं | २१ ऑक्टोबर

हस्त बहाराचा ताण सप्टेंबरात द्यायचा असतो, तेव्हा पाऊस चालू होता, विषय संपला. ड्रम झाकून काही जण देतात, पण दोन ड्रम झाकत बसण्यापेक्षा आंबे बहार बरा. डिसेंबरअखेर पाणी तोडायचं. जमिनीत महिना-दीड महिना ताण देतात, ड्रममध्ये ६ ते १० दिवसांतच पानं मलूल होतात, तिथेच थांबायचं. पानं वाळून गळायला लागली तर जास्त झालं. मग ड्रमला दोन किलो शेणखत, २०० ग्रॅम निंबोळी पेंड, पहिल्या दिवशी अर्धं पाणी, तीन दिवसांनी पूर्ण. नवी फूट दोन-तीन सेंमी झाली की निंबोळी अर्क, नाहीतर नागअळी पानभर नक्षी काढते.

---

वऱ्हाडी ठेचा | ६ जानेवारी

जीवामृत देता का कुणी? प्रमाण सांगा.

---

पडवळ | ६ जानेवारी

नैसर्गिक शेतीवाले सुभाष पाळेकर यांचं मूळ माप एकराला २०० लिटर: १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, गूळ आणि बेसन प्रत्येकी १ ते २ किलो, बांधावरची मूठभर माती. घरासाठी १० लिटर पाण्यात अर्धा किलो शेण, पाव ते अर्धा लिटर गोमूत्र, गूळ-बेसन ५० ते १०० ग्रॅम. सावलीत, गोणपाटाने झाकून, सकाळ-संध्याकाळ ढवळून ४८ तासांनी वापरा, आठवड्याच्या आत संपवा. बादलीत देताना दहापट पातळ. वासाने सडकं वाटलं तर ओतून टाका. हे विरजण आहे, जेवण नाही. बादलीत शेणखत नसेल तर नुसत्या जीवामृतावर वांगी येत नाहीत.

---

खुरपं | ११ फेब्रुवारी

डाळिंबाच्या ड्रममध्ये उकरताना जाड, पांढऱ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या अळ्या निघाल्या, अंगठ्याएवढ्या. कंपोस्टातही अळ्या आहेत, त्या चपट्या आणि राखाडी.

---

कोकणमेवा | ११ फेब्रुवारी

कंपोस्टातल्या ब्लॅक सोल्जर फ्लाय या काळ्या माशीच्या, त्या राहू द्या, ओला कचरा झपाट्याने संपवतात. फार झाल्या तर कचरा जास्त ओला आहे, एका भागाला दोन-अडीच भाग वाळला पाला घाला. मूठ दाबल्यावर एखादाच थेंब यावा.

ड्रममधली हुमणी. मुळं खाते. अर्धवट कुजलेल्या शेणखतातून अंडी येतात, म्हणून शेणखत आणलं की ताडपत्रीवर पसरून चाळून घ्या. आता वरची सहा इंच माती काढा, हाताने वेचा, ड्रममध्ये पाच-सात निघाल्या तरी झाड सुकायला पुरतात. मग मेटारायझियम बुरशीची पूड १० ग्रॅम लिटरला, ओल्या मातीत, संध्याकाळी. कोरड्या मातीत ती काम करत नाही.

---

खुरपं | १४ मार्च

अकरा निघाल्या. डाळिंबाने नवी फूट धरली आहे, फुलं पुढच्या बहाराला बघू. लिंबाची कळी भरपूर. अंजिराला १४ फळं, पक्ष्यांसाठी जाळीच्या पिशव्या घातल्या. टोमॅटो आता फूल गाळतायत, दिवसा ३५ च्या पुढे गेलं की परागच निकामी होतात, तेव्हा काढून टाकतो. वांगी जमिनीपासून फूटभर ठेवून छाटली, खोडवा घेणार. रिकाम्या १२ बादल्यांतली माती टाकायची की पुन्हा चालेल?

---

वऱ्हाडी ठेचा | १४ मार्च

टाकू नका. मुळं झटकून माती ताडपत्रीवर सहा इंच जाड पसरा, चांगली ओली करा, वरून पातळ पारदर्शक प्लास्टिक, कडा विटांनी दाबून बंद. काळं प्लास्टिक नको, ऊन आत गेलं पाहिजे. एप्रिल-मेचे चार ते सहा आठवडे. कोरडी माती झाकून ठेवली तर फार उपयोग नाही, ओलीतच उष्णता खोल जाते.

उघडल्यावर १० लिटर मातीला अडीच लिटर शेणखत, मूठभर निंबोळी पेंड, आणि ट्रायकोडर्मा आता घाला, आधी घातलात तर तोही उन्हात गेला. टोमॅटोची माती वेलभाज्यांना, वेलांची माती भेंडी-पालेभाजीला. बादल्यांची भोकं आतून खिळ्याने मोकळी करून घ्या, मुळांनी बुजलेली असतील.

---

ओळंबा | १५ मार्च

आणि ड्रिपचा टायमर आता दोन वेळांवर करा, सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा. दुपारचं पाणी नको, नळीत तापलेलं असतं. टायमरचे सेल बदललेत का?

---

खुरपं | १५ मार्च

आजच बदलले.